आपल्या हाताने जुळवलेला धर्म : पेगन मार्गाची ओळख

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली जनगणना झाली. धर्माच्या प्रश्नापुढे जे पर्याय दिले होते त्यांत ‘पेगन’ हा शब्द नव्हता. तरी सुमारे ७४ हजार लोकांनी तो स्वतः लिहून भरला. २०११ साली असे ५७ हजार होते. आणखी १३ हजारांनी ‘विक्का’ हे पेगनांतल्याच एका पंथाचे नाव लिहिले. जवळपास सहा कोटींच्या लोकसंख्येत ही माणसे मूठभरच. पण त्यांतल्या अनेकांच्या धर्माला देऊळ नाही, पुरोहित नाही आणि सर्वांनी मानावा असा ग्रंथही नाही. आयर्लंडची ब्रिगिड देवी, नॉर्स लोकांची रून अक्षरे, टॅरोचे पत्ते, पौर्णिमेचा दिवा, बागेतल्या वनस्पती असे एकेक घेऊन त्यांनी आपली उपासना जुळवलेली असते. या प्रकाराला तिकडे ‘एक्लेक्टिक पेगन’ मार्ग म्हणतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा मनाला येईल ते उचलण्याचा प्रकार वाटतो, आणि कधी कधी तो तसा असतोही. पण जे लोक वर्षानुवर्षे या मार्गावर टिकतात त्यांच्याकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. हवे ते निवडता येणे हा यातला सोपा भाग आहे. निवडलेले रोज पाळणे आणि ते कुठून आले याची जबाबदारी घेणे हा अवघड भाग आहे, आणि मार्ग उभा राहतो तो त्या अवघड भागावर.

पेगन म्हणजे कोण

ख्रिस्ती धर्म पसरण्याआधी युरोपात ग्रीक, रोमन, केल्टिक, नॉर्स अशा कितीतरी दैवतपरंपरा होत्या. त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहणाऱ्या आजच्या लोकांना ढोबळमानाने पेगन म्हणतात. विक्का, ड्रुइड परंपरा, नॉर्स देव मानणारे हीदन आणि देवी-उपासकांचे गट ही त्यांची ठळक कुळे. आइसलँडमध्ये ‘आउसात्रू’ मंडळ १९७२ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्याला धर्म म्हणून मान्यता दिली.

या सर्वांचा एकच संस्थापक नाही आणि सर्वांवर चालेल अशी सत्ताही नाही. समान धागा म्हणावा तर निसर्गाला पवित्र मानणे, देवत्वाला स्त्रीरूपातही पाहणे आणि ऋतूंप्रमाणे सण पाळणे. देव म्हणजे नक्की काय, यावर मात्र एकमत नाही. कुणाला अनेक देव खरोखर वेगवेगळे वाटतात. कुणी एक देवी आणि एक देव मानतो. कुणासाठी देवता ही मनाची रूपे आहेत, तर कुणी देव अजिबात न मानता फक्त निसर्गापुढे नतमस्तक होतो. हे सारे एकाच बैठकीत शेजारी बसलेले दिसतात.

एक गैरसमज दूर करायला हवा. पेगन लोक सैतानाची पूजा करत नाहीत. सैतान ही ख्रिस्ती धर्मविचारातली कल्पना आहे, आणि बहुतेक पेगनांच्या विश्वात तिला जागाच नाही.

हा मार्ग आला कुठून

आजच्या पेगन धर्माचा मोठा भाग विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये घडला. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हा इंग्रज गृहस्थ मलायात जकात खात्यात नोकरीला होता. निवृत्त होऊन परतल्यावर, दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या चेटकीण-मंडळात आपल्याला दीक्षा मिळाली, असे तो सांगत असे. ब्रिटनमध्ये १७३५चा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आले. विक्का लोकांसमोर आली ती इथून. तिच्या विधींना भाषेचे सौष्ठव दिले ते डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–१९९९) हिने.

गार्डनरने आपले विधी बांधताना फ्रीमेसन मंडळींच्या दीक्षापद्धती, १८८८ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्या मंडळाचे साहित्य, गूढविद्येचा लेखक अलिस्टर क्रोली याचे लेखन आणि मार्गारेट मरे हिचा सिद्धान्त असे बरेच काही घेतले होते. युरोपात एक गुप्त पेगन धर्म मध्ययुगभर जिवंत होता, असे मरे हिने १९२१ साली मांडले. पुढच्या इतिहासकारांनी ते अमान्य केले. ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांचा ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ हा १९९९चा ग्रंथ या घडणीचा सविस्तर शोध घेतो. तात्पर्य, ज्याला आज परंपरागत विक्का म्हणतात तीही जुळवूनच झालेली आहे. त्यामुळे आपापला मार्ग जुळवणाऱ्याला ‘तुमचे अस्सल नाही’ असे हिणवणे परंपरावाद्यांनाही जड जाते.

अमेरिकेत १९७९ साली दोन पुस्तके आली. पत्रकार मार्गो ॲडलर हिचे ‘ड्रॉइंग डाउन द मून’ आणि स्टारहॉक हिचे ‘द स्पायरल डान्स’. १९८८ साली स्कॉट कनिंगहॅमने एकट्याने विक्का पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक लिहिले. गार्डनरच्या पद्धतीत मंडळाकडून दीक्षा घ्यावी लागे. गावात मंडळ नसेल तरी माणूस स्वतः स्वतःला या मार्गाला वाहून घेऊ शकतो, असे कनिंगहॅमने सांगितले. एकट्याने चालणाऱ्यांना तिथून बळ मिळाले.

जुळवणारे आणि पुनर्रचना करणारे

पेगनांमध्ये दोन प्रवृत्ती स्पष्ट दिसतात. पुनर्रचनावादी मंडळी एकच प्राचीन संस्कृती धरतात. तिचे ग्रंथ, शिलालेख, उत्खनने अभ्यासतात आणि जमेल तितके मुळाबरहुकूम वागतात. ग्रीक देवांना वाइन कशी वाहावी याचा पुरावा ते होमरच्या काव्यात शोधतील.

एक्लेक्टिक माणूस आपल्या गरजेपासून सुरुवात करतो. वडील गेल्यावर पितरांसाठी काही करावेसे वाटले, म्हणून तो एक विधी घेतो. बागकाम करताना ऋतूंकडे लक्ष गेले, म्हणून सण पाळू लागतो. कुणी चर्च सोडलेले असते, पण मेणबत्ती लावून शांत बसायची सवय सोडवत नाही. अशा धाग्यांतून हळूहळू काहीतरी विणले जाते.

मराठी वाचकाला यातला फरक लगेच कळेल. आपल्याकडे कुलदैवत, कुळाचार, पंचांग हे जन्माबरोबर मिळते. मानायचे की नाही एवढाच प्रश्न उरतो. तिकडे या माणसाला आपले दैवत, आपला आचार आणि आपले पंचांग तिन्ही स्वतः ठरवावी लागतात. घरात विचारायला कुणी वडीलधारे नसते, आणि चुकले तर कान धरणारेही नसते.

वर्षाचे चाक

जवळजवळ प्रत्येक एक्लेक्टिक पेगन जे पाळतो ते म्हणजे आठ सणांचे ‘वर्षाचे चाक’. उत्तर गोलार्धातल्या तारखा अशा:

साविन, ३१ ऑक्टोबर : पितरांचे स्मरण. जेवणाच्या टेबलावर गेलेल्या माणसासाठी ताट मांडतात. अनेकांसाठी इथे नवे वर्ष सुरू होते.

यूल, साधारण २१ डिसेंबर : वर्षातली सर्वांत मोठी रात्र. सदाहरित फांद्या, ओंडक्याचा जाळ आणि परतणाऱ्या सूर्याचे स्वागत.

इम्बोल्क, १ फेब्रुवारी : ब्रिगिडचा दिवस. लव्हाळ्याचा क्रॉस विणतात, घर झाडून काढतात.

ओस्टारा, साधारण २० मार्च : वसंतसंपात. दिवस-रात्र समान, बी पेरण्याचा काळ.

बेल्टेन, १ मे : आग, फुले आणि प्रणयाचा सण. एडिंबराच्या कॅल्टन टेकडीवर १९८८पासून या निमित्ताने अग्निमहोत्सव होतो.

लिथा, साधारण २१ जून : सर्वांत मोठा दिवस. स्टोनहेंजला सूर्योदय पाहायला हजारो जमतात. २०००पासून त्या रात्री दगडांच्या वर्तुळात मोकळा प्रवेश असतो.

लूनासा, १ ऑगस्ट : पहिली कापणी. नव्या धान्याचा पाव भाजतात.

मेबन, साधारण २२ सप्टेंबर : शरदसंपात. सफरचंदे, द्राक्षे आणि वर्षभर मिळालेल्याचा हिशेब.

हे चाक पुरातन वाटते, पण आठही सण एका माळेत ओवले गेले ते १९५०च्या दशकात, गार्डनर आणि ड्रुइड परंपरेतले रॉस निकोल्स यांच्या वर्तुळात. साविन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनासा हे सण गेलिक प्रदेशांतले जुने आहेत. ‘मेबन’ आणि ‘लिथा’ ही नावे मात्र १९७०च्या दशकात एडन केली या अमेरिकी लेखकाने लावली.

सूर्याचे एवढे महत्त्व का, हे अक्षांशावरून कळते. यूलच्या दिवशी लंडनमध्ये सूर्य आठ तासही दिसत नाही, आणि जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. मुंबईत हाच फरक सुमारे ११ आणि सव्वातेरा तासांचा. दुपारी चारच्या सुमारास अंधारून येणाऱ्या गावात प्रकाश परत येणे ही शरीराला जाणवणारी घटना असते. आपली मकर संक्रांत उत्तरायणाचा सण म्हणवते, पण ती ताऱ्यांच्या राशींवर मोजली जात असल्याने प्रत्यक्ष अयनदिनापासून आता तीन आठवडे पुढे सरकली आहे. पेगन मंडळी प्रत्यक्ष अयनदिन पाळतात.

ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये राहणारे बहुतेक पेगन हे चाक उलटे फिरवतात. तिथे यूल जूनमध्ये येते. पुस्तकातल्या तारखेपेक्षा खिडकीबाहेरचा ऋतू मोठा, असा त्यांचा साधा तर्क.

घरातली वेदी

वेदी म्हटले की मोठे काही डोळ्यांपुढे येते. बहुतेकांकडे ती पुस्तकांच्या कपाटातली एक फळी किंवा खिडकीचा कट्टा असते. तिच्यावर चार तत्त्वांची चार चिन्हे मांडतात: पृथ्वीसाठी मीठ किंवा दगड, वायूसाठी धूप किंवा पीस, अग्नीसाठी मेणबत्ती, जलासाठी वाटीभर पाणी. पाचवे तत्त्व म्हणजे आत्मा. पेगनांचे चिन्ह असलेल्या पंचकोनी ताऱ्याची पाच टोके या पाचांची. विक्कामध्ये उत्तर पृथ्वीची, पूर्व वायूची, दक्षिण अग्नीची आणि पश्चिम जलाची मानतात. पण ज्याच्या घराच्या पूर्वेला समुद्र आहे तो पाण्याची वाटी पूर्वेला ठेवतो, आणि एक्लेक्टिक मार्गात त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

भाड्याच्या खोलीत किंवा विद्यार्थी वसतिगृहात मेणबत्तीला बंदी असते. तिथे बॅटरीचा दिवा चालतो. घरच्यांपासून लपवायचे असेल तर काडेपेटीएवढ्या डबीतही वेदी मावते.

वेदीची खरी परीक्षा दोन महिन्यांनी होते. वाटीतले पाणी बदलले जाते का, वाळलेली फुले उचलली जातात का, धूळ पुसली जाते का. हौसेने मांडलेल्या पुष्कळ वेद्या इथेच मागे पडतात. जाणती मंडळी नवख्यांना सांगतात की वस्तू कमी ठेवा, म्हणजे निगा राखता येते.

रोजचा दिवस

सण वर्षातून आठ. मधले दिवस कसे जातात यावर मार्गाचा कस लागतो. अनेकांचा दिवस असा काहीसा असतो: सकाळी चहाचे पाणी उकळते तोवर वेदीवर मेणबत्ती, दोन मिनिटे श्वासाकडे लक्ष, दैवताला किंवा घराला दोन शब्द. चहाचा किंवा दुधाचा पहिला घोट झाडाच्या मुळाशी. कामावर जाताना वाटेतल्या एकाच झाडाकडे रोज पाहणे. संध्याकाळी वहीत चार ओळी.

ही वही महत्त्वाची. विक्कामध्ये तिला ‘बुक ऑफ शॅडोज’ म्हणतात. विधी, स्वप्ने, ऋतूंच्या नोंदी, काय जमले आणि काय नाही, सगळे तिच्यात उतरते. गुरू नसलेल्या माणसाला स्वतःच्या चुका दाखवणारे हे एकच साधन असते.

चंद्राचे चक्र साडेएकोणतीस दिवसांचे. पौर्णिमेला छोटा विधी करायची पद्धत बऱ्याच जणांत आहे. अमावास्येला नवे काही योजायचे, वद्य पक्षात नको ते सोडायचे. आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी छापलेली असते. तिकडच्या माणसाला चंद्राची कला मोबाईलवर पाहावी लागते किंवा, जास्त चांगले म्हणजे, दारात येऊन आभाळात.

टॅरोचा वापरही रोजचा. ७८ पत्त्यांच्या संचातून सकाळी एक पत्ता काढायचा आणि दिवसभर त्यावर विचार करायचा. सर्वाधिक ओळखीचा संच लंडनमध्ये १९०९ साली निघाला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ हिने काढली. पुष्कळ जण त्याकडे भविष्य म्हणून पाहत नाहीत. मनात काय चालले आहे ते चित्राच्या निमित्ताने वर येते, एवढेच त्यांना पुरते.

मंत्रतंत्राचे काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. अनेक पेगन, सर्व नव्हे, ‘मॅजिक’ करतात. मुलाखतीच्या आधी ठरावीक रंगाची मेणबत्ती लावणे, इच्छा कागदावर लिहून जाळणे, घराच्या उंबऱ्यावर मीठ टाकणे असे त्याचे स्वरूप. कुणाचे अहित होत नसेल तर मनाप्रमाणे वाग, हा विक्कातला मुख्य नीतिनियम. केलेले तिप्पट होऊन परत येते, असेही अनेक जण मानतात. व्यवहारी सल्ला असा की मेणबत्ती लावा आणि अर्जही पाठवा.

आपल्या भागाशी ओळख

पुस्तकातला निसर्ग आणि दारातला निसर्ग वेगळे असतात. म्हणून या मार्गात आपल्या पाच मैलांच्या परिसराची माहिती करून घेण्यावर भर असतो. कोणती झाडे देशी, कोणता पक्षी कधी येतो, नळाचे पाणी कोणत्या नदीचे, जुन्या गावकऱ्यांच्या रीती कोणत्या. सॉमरसेटच्या कारहॅम्प्टन गावात १७ जानेवारीला सफरचंदाच्या बागेत जाऊन झाडांना सायडर पाजायची आणि गाणी म्हणायची चाल आहे. ही चाल पेगनांनी सुरू केलेली नाही, पण अनेकांना ती आपली वाटते.

पवित्र स्थळेही आहेत. ग्लास्टनबरीची टेकडी आणि चॅलिस विहीर, आयर्लंडमधले सुमारे ५२०० वर्षांपूर्वीचे न्यूग्रेंज. न्यूग्रेंजच्या आतल्या दालनात डिसेंबरच्या अयनदिनाच्या पहाटे सूर्यकिरण पोचतो; तो पाहायला कोण जाणार हे सोडतीने ठरते.

अशा ठिकाणी भक्तीनेच नासधूस होते, हे कटू आहे. कॉर्नवॉलमधल्या मॅड्रन विहिरीजवळ झाडांना चिंध्या बांधायची जुनी रीत आहे. सुती चिंधी कुजून जाते, नायलॉनची फीत फांदीला काचते. विल्टशरमधल्या वेस्ट केनेट या पाच हजारांहून अधिक वर्षांच्या दफनस्थळात पेटत्या मेणबत्त्या ठेवल्याने दगड काळे पडले आहेत. म्हणून जबाबदार पेगन मंडळे सांगतात की काही ठेवू नका, उलट येताना कचरा उचलून आणा. तीच पूजा.

कुठून घ्यावे, कुठे थांबावे

एक्लेक्टिक मार्गावरचा सर्वांत मोठा वाद उसनवारीचा. ग्रीक किंवा नॉर्स देवांची अखंड परंपरा शतकांपूर्वी तुटली, त्यामुळे तिथून घेताना जिवंत समाजाचे फारसे काही हिरावले जात नाही. पण सगळ्याच परंपरा तशा नाहीत. अमेरिकेतल्या लाकोटा लोकांनी १९९३ साली आपल्या विधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध ‘युद्धघोषणा’च जाहीर केली. ज्या समाजाचे विधी अमेरिकी सरकारने दीर्घकाळ दडपले होते, ज्यांना धर्मस्वातंत्र्याचा खास कायदा १९७८ साली मिळाला, त्यांचेच विधी आता शनिवार-रविवारच्या शिबिरात पैसे घेऊन शिकवले जात होते. पांढऱ्या सेजच्या जुड्यांचेही तसेच. ही वनस्पती मुळात दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या पट्ट्यातली. घराघरांत तिची धुरी करण्याची फॅशन आली आणि रानातून तिची चोरटी तोड सुरू झाली. तिच्याऐवजी रोजमेरी चालते. स्कॉटलंडमध्ये तर जुनिपरची धुरी द्यायची स्वतःची जुनी रीत आहेच.

भारताचाही यात संबंध येतो. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली निघालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ साली मुंबईत येऊन गिरगावात राहिले. त्यांचे मासिकही त्याच वर्षी मुंबईतून निघाले. कर्म, पुनर्जन्म, सूक्ष्म देह या कल्पना पाश्चात्त्य गूढविद्येत पसरायला या मंडळींचा मोठा हातभार लागला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांचे कुंडलिनीवरचे ‘द सर्पंट पॉवर’ १९१९ साली आले. आज पेगनांच्या दुकानात सात रंगांची सात चक्रे दिसतात, ती अशा वळणांनी तिथे पोचलेली.

मग लीड्समधल्या एखाद्या वेदीवर गणपती किंवा काली दिसली तर काय म्हणावे? यावर हिंदूंमध्येही एकमत नाही. कुणाला आनंद होतो, कुणाला ते शोभेचे बाहुले केल्यासारखे वाटते. निदान काही प्रश्न विचारता येतात. मूर्ती ठेवणाऱ्याला तिची पूजा कशी होते हे माहीत आहे का? ते शिकायला तो शेजारच्या देवळात कधी गेला आहे का? काली त्याच्यासाठी फक्त बंडखोर स्त्रीशक्तीचे चिन्ह आहे, की जिला आई म्हणून हाक मारतात ती देवताही आहे? दीक्षेवाचून द्यायचा नाही असा मंत्र त्याने पुस्तकातून उचलला आहे का? हैतीच्या वोडू परंपरेतही दीक्षितांपुरत्या राखलेल्या गोष्टी असतात. ज्या घराचे दार उघडे आहे तिथे पाहुणा म्हणून जावे, बंद आहे तिथे थांबावे, अशी मर्यादा जाणते लोक पाळतात.

इतिहास आणि स्वानुभव

पेगन वर्तुळात एक उपयोगी संज्ञा आहे, ‘यूपीजी’. म्हणजे ज्याचा पडताळा झालेला नाही असा वैयक्तिक साक्षात्कार. ध्यानात एखाद्याला वाटले की ब्रिगिडला ब्लॅकबेरी आवडतात, तर त्याने खुशाल वाहाव्यात. पण ‘प्राचीन आयरिश लोक ब्रिगिडला ब्लॅकबेरी वाहत’ असे लिहू नये. पहिला त्याचा अनुभव, दुसरा इतिहासाचा दावा, आणि दाव्याला पुरावा लागतो.

हा भेद न पाळल्याने पुष्कळ दंतकथा फिरल्या. युरोपात चेटकिणी म्हणून ९० लाख स्त्रिया जाळल्या गेल्या, हे त्यांतले ठळक उदाहरण. इतिहासकारांच्या अंदाजाने देहदंड झालेल्यांची संख्या साधारण ४० ते ६० हजार होती, त्यांत पुरुषही होते, आणि त्यांतले जवळपास सगळे स्वतःला ख्रिस्तीच मानत होते. ही संख्याही भयंकर आहे. ती फुगवायची गरज नव्हती. आपला मार्ग सत्तर-पाऊणशे वर्षांचा आहे हे मान्य केले म्हणून तो खोटा ठरत नाही.

वनस्पती, आग आणि पैसा

स्वयंपाकघर आणि बाग हे या मार्गाचे आवडते क्षेत्र, आणि तिथेच धोकेही असतात. स्वप्नांसाठी उशाशी ठेवतात ती मगवर्ट आपल्या दवण्याच्याच कुळातली. वास घेतला तर ठीक, पण गरोदरपणी तिचा काढा घेऊ नये. जांभळ्या घंटांची फॉक्सग्लव्ह हृदयावर परिणाम करते. हृदयरोगावरचे डिजिटॅलिस औषध तिच्यापासूनच निघाले, आणि मात्रा चुकली तर जीव जातो. पेनिरॉयलचे तेल यकृताला घातक आहे. काही सुगंधी तेलांची वाफ मांजरांना बाधते. पडद्याखाली मेणबत्ती पेटती ठेवून झोपणे हा तर कोणत्याही धर्मात मूर्खपणाच.

आजारात किंवा मन खचलेले असताना विधी धीर देतो, पण डॉक्टरांची जागा घेत नाही. ‘तुमच्यावर शाप आहे, इतके पैसे भरा, काढून देतो’ म्हणणारे तिकडेही आहेत. आपल्याला हा प्रकार नवा नाही.

खरेदीचा मोहही मोठा. २०२०च्या सुमारास टिकटॉकवर चेटूकविद्येचे व्हिडिओ गाजले आणि गुलाबी स्फटिक, रेशमी झोळ्या, दर महिन्याला घरपोच येणारे पूजेचे खोके यांची विक्री वाढली. स्फटिक कोणत्या खाणीतून, कुणाच्या श्रमाने आला हे खोक्यावर लिहिलेले नसते. पृथ्वीला देवी मानणाऱ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. नदीकाठचा गुळगुळीत गोटा फुकट मिळतो.

एकटे, मंडळात आणि कायद्यापुढे

बरेच एक्लेक्टिक पेगन एकटे असतात. तरी ब्रिटनमधल्या पुष्कळ गावांत पेगनांचे ‘मूट’ भरतात, म्हणजे महिन्यातून एकदा पबमध्ये गप्पांची बैठक. तिथे प्रवेशाची अट नसते. नवख्याने आधी तिथे जावे, असा सल्ला मिळतो. दीक्षेची बंद मंडळे वेगळी. एखादा गुरू लगेच दीक्षा देऊ करतो, घरच्यांपासून तोडू पाहतो, शरीरसंबंध किंवा पैसा मागतो, तर तिथून निघावे.

कायद्याने वाट बरीच मोकळी केली आहे. अमेरिकेत १९८६ साली एका अपील न्यायालयाने विक्काला धर्म म्हणून घटनेचे संरक्षण असल्याचे मान्य केले. २००७ साली तिथल्या विक्का पाळणाऱ्या मृत सैनिकांच्या थडग्यांवर पंचकोनी तारा कोरायला परवानगी मिळाली. ब्रिटनमध्ये समानतेचा कायदा २०१०चा. ‘ड्रुइड नेटवर्क’ला धर्मादाय संस्थेचा दर्जाही त्याच वर्षी मिळाला. तरी शाळेत शिकवणारे किंवा मुलांच्या ताब्यावरून न्यायालयात झगडणारे काही जण आपली श्रद्धा उघड करत नाहीत. बोलावे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याचा.

पहिल्या वर्षात काय करावे

अनुभवी मंडळींचे सल्ले एकत्र केले तर आराखडा साधारण असा होतो. पहिले तीन महिने काही विकत घेऊ नये. सूर्य कुठे उगवतो, चंद्र कसा वाढतो, दारातले झाड कसे बदलते याच्या नोंदी कराव्यात. मग एकच दैनिक आचार निवडावा, पाच मिनिटांहून मोठा नको. पुढचा सण येईल तो पाळावा, त्या ऋतूत तिथे जे पिकते ते शिजवून. एका वेळी एकाच परंपरेचे वाचन करावे. त्यात एक पुस्तक श्रद्धावानाचे असावे आणि एक इतिहासकाराचे. प्रत्येक घेतलेल्या गोष्टीपुढे वहीत लिहावे: कुठून घेतली, ते लोक आज आहेत का, त्यांची हरकत आहे का, आणि ती मी का ठेवली.

वर्ष संपले की वही उघडून पाहावी. ज्या गोष्टी फक्त पहिल्या आठवड्यात दिसतात त्या सोडाव्यात. ज्या कंटाळ्याच्या दिवशी, सर्दी-तापात, कामाच्या रगाड्यातही चालू राहिल्या त्या ठेवाव्यात. बहुधा अशा तीन-चारच निघतात, आणि त्याही अगदी साध्या: एक दिवा, एक झाड, गेलेल्यांसाठी एक ताट. त्यांवर पुढच्या वर्षी एखादी भर घालावी. पाच नव्या गोष्टी एकदम घालू नयेत.

आणि अशा वर्षानंतर वागण्यात काही फरक पडला का, हेही विचारावे. शेजाऱ्याशी बोलणे वाढले का, कचरा कमी झाला का, आईवडिलांच्या मृत्यूकडे थोडे धीराने पाहता येते का. उत्तर ‘नाही’ आले तर जुळवणी पुन्हा तपासावी लागते. एक्लेक्टिक मार्गाला ही तपासणी करून देणारा पुरोहित नसतो. ते काम चालणाऱ्यानेच करायचे असते.